सोसायटी डिजिटल करायचीय? मग आधी दोन दिवस गेटवर बसा

मुंबईत 'सोसायटी' म्हटलं की समाज-बिमाज कोणाच्या डोक्यात येत नाही, येते ती बिल्डिंग, वॉचमन, पाण्याची वेळ आणि नोटीस बोर्डावरची थकबाकीवाल्यांची यादी. त्यामुळे भांडुपच्या आमच्या तीन विंग, ८४ घरांच्या सोसायटीत कोणीतरी मीटिंगमध्ये "आता आपण डिजिटल व्हायचं" असं म्हणालं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. मी पण जोशात हो म्हणालो. सॉफ्टवेअरचं पहिलं व्हर्जन फसलं, दुसरं चालतंय. मधे जे शिकलो ते इथे पायरी-पायरीने लिहितोय, तुमचं काम सोसायटीचं असो, दवाखान्याच्या ओपीडीचं असो नाहीतर एखाद्या पालिकेचं, गोष्टी त्याच.

सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर, म्हणजे त्याची रचना, या शब्दाला घाबरू नका. नंतर बदलायला महाग पडतील असे निर्णय आधीच नीट घेणं, बस एवढंच. भिंतीचा रंग कधीही बदलता येतो, ड्रेनेजची लाइन नाही.

पायरी १: लॅपटॉप बंद, गेटवर खुर्ची

मी पहिल्यांदा हेच केलं नव्हतं. घरात बसून स्क्रीन बनवल्या, पाहुण्याचं नाव, नंबर, कारण, फोटो, सगळं एकदम चकाचक. पहिल्या पावसात वॉचमनकाकांच्या हातात टॅब दिला आणि ओल्या अंगठ्याने तो काही केल्या सरकेना, मागे दोन डिलिव्हरीवाले भिजतायत, रिक्षा हॉर्न मारतेय, शेवटी काकांनी टॅब रेनकोटच्या खिशात घातला, वही काढली आणि नेहमीसारखं लिहिलं 'बी ३०२, पार्सल'. चार सेकंदात काम खलास.

माझी खरी स्पर्धा त्या वहीशी होती हे तेव्हा कळलं. मग दोन दिवस गेटवर बसलो आणि फक्त मोजलं, किती जण येतात, कधी येतात, वही परत उघडून कोण बघतं आणि कशासाठी. निघालं असं की सकाळी ७ ते ९ मधे घरकामाच्या मावश्या, दूध, पेपर, गाड्या धुणारे, म्हणजे रोजचीच माणसं. त्यांची रोज नोंद करायची काही गरजच नाही, न आलेल्यांची केली तरी चालतं. अर्धं सॉफ्टवेअर तिथेच कमी झालं.

पायरी २: फीचर नाही, गरज लिहा, तीही आकड्यात

'पेमेंट हवं' ही गरज नाही झाली. गरज अशी लिहायची की महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्री ९ ते ११ मधे साठेक घरं पैसे भरणार, पावती मिनिटभरात हवी, आणि सिस्टिम तासभर बंद पडली तरी कोणाला दंड लागता कामा नये. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी लिहीत नाही.

८४ घरांसाठी साधा सर्व्हरही झोपा काढतो. पण मोठं काम असेल तर सरासरी धरून फसू नका. दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट गोल-गोल फिरत बसते हे प्रत्येक घराने बघितलंय, वर्षभराची सरासरी तिथे शून्य कामाची, त्या एका दुपारचा विचार करायचा. त्यातही निकाल ही फक्त वाचायची गोष्ट, एकदा लागला की बदलत नाही, म्हणून तो आधीच तयार पानांमधे काढून ठेवता येतो, दरवेळी डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या मूळ साठ्याला, विचारायची गरज नाही. फक्त वाचायचं काय आणि खरंच लिहायचं काय, ही विभागणी कागदावर केलीत तर मोठा भार आपोआप उतरतो.

पायरी ३: एकच बिल्डिंग, पण आत भिंती पक्क्या

आजकाल कोणालाही विचारा, मायक्रोसर्व्हिसेस करा म्हणतील. म्हणजे प्रत्येक कामाचं वेगळं छोटं सॉफ्टवेअर, आणि ती सगळी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणार. वेगवेगळ्या टीम असतील, एखाद्या भागावरच प्रचंड लोड असेल तर ठीक आहे, पण दोन-चार जणांच्या टीमने हे करणं म्हणजे एका कुटुंबाने चार बिल्डिंगमधे एकेक खोली घेण्यासारखं आहे, जेवायला एकीकडे, झोपायला दुसरीकडे, आणि मधे पाऊस.

त्यापेक्षा एकच प्रोग्राम ठेवा, पण आतले भाग वेगळे पाडा. आमच्याकडे चार आहेत, घरं आणि माणसं, हिशोब, गेट, तक्रारी. नियम एकच, गेटच्या भागाने हिशोबाच्या टेबलात (म्हणजे नोंदींच्या तक्त्यात) थेट हात घालायचा नाही, विचारायचं असेल तर दारावरून विचारायचं. असं केलं की उद्या गेटचा भाग उपटून दुसरा लावला तरी हिशोबाला धक्का लागत नाही.

मेल्विन कॉनवे या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात तसाच आकार तिच्या सिस्टिमला येतो. आमच्या सेक्रेटरी आणि खजिनदार काकूंचं तेव्हा बोलणं बंद होतं आणि खरं सांगतो, पहिल्या व्हर्जनमधे तक्रारी आणि हिशोब यांचा काहीच संबंध नव्हता, गळतीच्या दुरुस्तीचा खर्च दोनदा टाकला गेला. आधी चहा पाजा, मग डिझाइन करा.

पायरी ४: माणूस, घर आणि त्यांचं नातं, तीन वेगळ्या गोष्टी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, मोबाइल' अशी एक लाइन करून मोकळे झालात तर सहा महिन्यांत रडाल. एका घराचे दोन मालक असतात, भाडेकरू बदलतो, मालक वारतो आणि वारसांचं ठरेपर्यंत दोन वर्षं जातात. म्हणून माणूस वेगळा, घर वेगळं, आणि नातं वेगळं, त्या नात्याला 'पासून' आणि 'पर्यंत' तारीख. जुनी नोंद पुसायची नाही, फक्त संपली म्हणायचं.

मोबाइल नंबर म्हणजे ओळख असं तर चुकूनही धरू नका. आजी-आजोबांचा मिळून एक फोन असतो, मुलगा दुबईला गेला की नंबर बंद पडतो.

आधार क्रमांक मिळाला की ओळखीचा प्रश्न सुटला असं वाटतं, देशातले पहिले आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले आणि तेव्हापासून प्रत्येकाला झेरॉक्स मागायची सवयच लागलीय. आमच्या ऑफिसात भाडेकरूंच्या आधारची झेरॉक्स उघड्या कपाटात पडलेली होती. गरज नसेल तर घेऊच नका, जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पण हेच म्हणतो, ठरलेल्या कारणापुरतंच घ्या, कारण संपलं की काढून टाका. गेटच्या नोंदी आमच्याकडे ९० दिवसांनी आपोआप उडतात, ते वेगळं बटण नाही, डिझाइनमधेच आहे.

आता खास मराठी दुखणं. 'वाघ' इंग्रजीत कोणी डब्ल्यूने लिहितं कोणी व्हीने, हे सगळ्यांना माहितीय. पण देवनागरीतही गोची आहे. 'कऱ्हाडकर' टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एका कीबोर्डवरून तो नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावरून साधा र आणि मधे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, स्क्रीनवर दिसतं सेम टू सेम पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी आडनावं. 'ॲप'मधल्या ॲचं पण तसंच. यूनिकोड म्हणजे कॉम्प्युटरमधे अक्षरं साठवायची जगभरची पद्धत, तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) यांना एक करत नाही, सेव्ह करायच्या आधी सगळं एकाच रूपात आणायचा नियम आपणच लिहायचा. मी दोन तास शोधत होतो की एका बाईंचं नाव सर्चमधे का येत नाहीये, शेवटी हे निघालं.

आणि एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरीचा ७० चा, त्यात काने-मात्रा पण मोजतात. 'आदरणीय सभासद' लिहिण्यातच पैसे जातात.

पायरी ५: पैशाला खोडरबर नाही

पहिल्या व्हर्जनची सगळ्यात मोठी चूक. खजिनदार काकूंनीच शेवटच्या तारखेला ३,८५० रुपये यूपीआयने भरले, स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, त्यांनी बॅक करून परत भरले. दोनदा कापले. माझ्या सिस्टिममधे मात्र एकच एंट्री, कारण दुसऱ्याने पहिल्यावर ओव्हरराइट केलं. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता असं आहे. पैसे भरायला जायच्या आधीच त्या प्रयत्नाला एक नंबर मिळतो, त्याचा निकाल लागेपर्यंत 'पेमेंट तपासतोय, परत भरू नका' असं ठळक दिसतं आणि बटण गायब. बँकेकडून तोच मेसेज तीनदा आला तरी व्यवहार क्रमांक एकच असल्यामुळे एंट्री एकच होते. इतकं करून खरंच दोनदा आले तर ते पुढच्या महिन्याचा अॅडव्हान्स. आणि रोज रात्री बँक स्टेटमेंटशी जुळवणी, न जुळलेलं सकाळी काकूंच्या समोर.

हिशोबातली एंट्री कधी बदलायची नाही, चुकली तर उलटी एंट्री मारायची, गावातल्या मुनीमजींना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. रक्कम रुपयांत नाही, पैशांमधे (रुपयाचे शंभर पैसे), पूर्णांकात साठवा. दशांशात ठेवलीत तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज कॉम्प्युटर ०.३ च्या किंचित वर दाखवतो आणि ऑडिटरला एक पैसा सापडला तरी तो सोडत नाही.

दर आणि नियम कोडमधे लिहू नका. थकबाकीवरच्या व्याजाची उपविधींतली (सोसायटीच्या नियमावलीतली) कमाल मर्यादा, भाड्याने दिलेल्या घराला सेवा शुल्काच्या १० टक्के जादा आकारणी, हे सगळं वेगळ्या टेबलात, 'या तारखेपासून लागू' असं. उद्या सरकारने आकडा बदलला तर एक ओळ वाढवायची, आणि मागच्या वर्षीचं बिल जुन्या दरानेच निघालं पाहिजे.

पायरी ६: लाइन (वीज किंवा नेट) जाणार, हे धरूनच चाला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या. हे जाऊ दे, आमच्या बेसमेंट पार्किंगमधे रोजच नेटवर्क नसतं.

प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारा, लाइन तुटली तर चालू ठेवायचं की थांबवायचं? एरिक ब्रूअर या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने २००० साली मांडलेला कॅप सिद्धांत साध्या भाषेत हाच आहे, दोन ठिकाणांमधली लाइन तुटलेली असताना काम चालू ठेवणं आणि दोन्हीकडे सेम माहिती असणं, दोन्ही एकदम मिळत नाही. गेटची नोंद चालूच राहिली पाहिजे, ती टॅबमधे साठते आणि लाइन आली की वर जाते, नुसत्या नोंदी वाढत जाणार म्हणून भांडण नाही. पण गच्चीचं बुकिंग? लाइन नसताना दोघांना एकाच रविवारचं बारसं आणि साखरपुडा कन्फर्म झाला तर काय होईल ते मी लिहायला नको. तिथे सरळ 'आत्ता होणार नाही' म्हणायचं. म्हणजे एकाच सिस्टिममधे दोन वेगळी उत्तरं, आणि ती प्रोग्रामरने नाही, कमिटीने ठरवायची.

पायरी ७: अॅप नसलेला माणूस पण तुमचाच युजर

नोटीस बोर्ड हा आमच्या आर्किटेक्चरचा अधिकृत भाग आहे, आकृतीत त्याचा चौकोन काढलाय. दर सोमवारी सिस्टिम एक पान तयार करते, मोठ्या अक्षरात, मराठीत, ते प्रिंट होऊन लागतं. ए विंगच्या ज्या आजी चेकने पैसे भरतात त्यांना पावती कागदावरच. वॉचमनच्या स्क्रीनवर आता रोजच्या कामाला चारच बटणं, पार्सल, पाहुणा, कामवाले, इतर, आणि विंग-घर निवडायला मोठी अक्षरं-आकडे. टाइप करायला काहीच नाही.

पायरी ८: कोण काय बघणार, आणि बॅकअप

हे थोडक्यात. वॉचमनला थकबाकी दिसायची गरज नाही, खजिनदाराला कोणाकडे कोण आलं ते दिसायची गरज नाही. कोणी काय उघडून बघितलं त्याची नोंद ठेवा, तीही सेक्रेटरीला पुसता येणार नाही अशी. कंपनी किंवा सरकारी संस्थेसाठी बनवत असाल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २०२२ चे निर्देश वाचा, सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग (सिस्टिममधे काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, हे शेवटी चिकटवता येत नाही.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर हवी, आणि दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर तो उतरवून मागच्या महिन्याचं एक बिल काढून बघा. आमचा पहिल्यांदा उतरलाच नाही, पासवर्ड त्याच लॅपटॉपमधे होता ज्याचा बॅकअप होता.

पायरी ९: एका विंगपासून सुरू, आणि जायची वाट मोकळी

आम्ही दुसऱ्यांदा फक्त सी विंगमधे चालू केलं, दोन महिने वही आणि टॅब दोन्ही. रोज रात्री दोन्ही ताडून बघायचो. पहिल्या आठवड्यात वहीत जास्त नोंदी, सहाव्या आठवड्यात टॅबमधे, मग बाकी विंग घेतल्या.

सगळा डेटा साध्या सीएसव्ही फाइलमधे (एक्सेलमधेही उघडते ती) एका बटणावर बाहेर निघाला पाहिजे, कारण उद्या मी घर विकून बदलापूरला गेलो तर सोसायटी माझ्या मागे तिथे येऊ शकत नाही. आणि प्रत्येक मोठा निर्णय का घेतला ते अर्ध्या पानात लिहून ठेवा, तारखेसकट, काय नाकारलं तेही. आमची अशी ११ पानं झालीत, खजिनदार काकूंनी ती ऑडिटच्या फाइलला लावली.

गेटवरची वही अजून तशीच आहे, सुतळीने बांधलेल्या पेनासकट. वीज आणि टॅबची बॅटरी दोन्ही गेली की ती उघडायची, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनकाका त्यातल्या नोंदी टॅबमधे चढवतात. त्यासाठी टॅबमधे 'वहीतून' असं पाचवं बटण द्यावं लागलं.