लेपर्ड गेको पाळताय? या चुका टाळा

लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल. ती खात नाही असं दिसलं की बहुतेक जण आधी खाणं बदलून पाहतात. रातकिडे नकोत तर मीलवर्म, तेही नको तर वॅक्सवर्म (या दोन्ही किड्यांच्या अळ्या). माझं सांगणं एवढंच, की खाण्याआधी तापमान तपासा. या प्राण्याला शरीर गरम ठेवायला बाहेरची ऊब लागते. ती पोटाला मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, आणि पचत नाही तोवर भूकही लागत नाही. कधी कधी अर्धवट पचलेला किडा तसाच उलटून बाहेर येतो.

टाकीच्या एका टोकाला जमिनीचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवा, दुसरं टोक साधारण २४-२५ अंशांवर. दोन्ही टोकांना लपायला जागा द्या, नाहीतर त्याला ऊब आणि सुरक्षितपणा यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. सगळी टाकी सारखीच गरम ठेवणं हीसुद्धा चूकच, कारण मग अंग थंड करायला तो जाणार कुठे? काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर फार तर तिथल्या हवेचं तापमान दाखवतो, गेको मात्र जमिनीवर पोट टेकून पडलेला असतो. म्हणून प्रोब (तारेच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब गेको बसतो तिथेच ठेवा.

हीट मॅट, म्हणजे टाकी तापवणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेलं तापमान राखणाऱ्या यंत्राशिवाय) कधीही लावू नका. पोटाची कातडी भाजेपर्यंत तो मॅटवरून उठत नाही, अशी उदाहरणं पशुवैद्यांकडे नेहमी येतात. विजेवर तापणारा कृत्रिम दगड तर आणूच नका. रात्रीसाठी लाल दिवाही नको. रात्री तापमान २० अंशांपर्यंत उतरलं तरी निरोगी गेकोला चालतं. त्याहून थंडी पडत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावा.

दुसरी मोठी चूक कोरडेपणाची. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या भागातला हा प्राणी, म्हणून लोक टाकी पूर्ण कोरडी ठेवतात. पण तिथेही दिवसा तो दगडांच्या फटीत आणि बिळात शिरतो, आणि आत ओलावा असतो. घरात तोच ओलावा देण्यासाठी झाकणाच्या डब्याला गेको आत शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओलसर मॉस किंवा टिश्यू पेपर ठेवा. डबा उबदार बाजूच्या जवळ असू द्या आणि बुरशी धरायच्या आत आतलं बदलत राहा.

हा डबा नसेल तर कात नीट निघत नाही. बोटांभोवती राहिलेली कात वाळून आवळत जाते, रक्त पोहोचत नाही आणि बोट गळून पडतं. म्हणून दर वेळी कात टाकल्यावर बोटं एकेक करून पाहा. कात अडकली असेल तर पायापुरत्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करा आणि ओल्या कापसाच्या काडीने हळूच सोडवा. कोरडी कात ओढू नका. पापणीखाली काही अडकलं असेल तर स्वतः हात न लावता पशुवैद्याकडे न्या. कात टाकण्याआधी रंग फिकट पांढुरका होणं, एखाद-दोन दिवस न खाणं, निघालेली कात खाऊन टाकणं यात काळजीचं काही नाही.

खाण्यात किडेच लागतात. फळं-भाज्या तो पचवू शकत नाही. किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून त्यांना कॅल्शियमची पावडर लावून द्यावं लागतं. डी३ जीवनसत्त्व मात्र बेतानं, कारण जास्त झालं तर तेही बाधतं. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि देण्याआधी दिवसभर त्या किड्यालाही चांगलं खाऊ घाला. उरलेले रातकिडे रात्रभर आत सोडू नका, ते गेकोला चावतात. काजवे विषारी असतात, चुकूनही देऊ नका. जबडा मऊ लागणं, पाय वाकणं, अंग थरथरणं ही हाडं कमजोर झाल्याची लक्षणं आहेत. तेव्हा घरी पावडर वाढवत बसू नका, लगेच पशुवैद्य गाठा.

तळाला सुटी वाळू नको. किड्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं अडू शकतं. ‘कॅल्शियम सँड’ तर जास्तच धोक्याची, कारण कॅल्शियमची कमतरता असलेला गेको ती चाटत सुटतो. पिल्लांना आणि आजारी गेकोला टिश्यू पेपरच बरा.

सोबत म्हणून दोन गेको एकत्र ठेवू नका. नर जीव जाईपर्यंत भांडतात. माद्यांमध्येही एक दबून राहते, तिचं खाणं हळूहळू कमी होतं. दोघी एकमेकींवर झोपलेल्या दिसल्या तर ते प्रेम समजू नका, उबदार जागा एकच असल्याचा तो परिणाम असतो.

शेपटी धरून उचलू नका, ती तुटते. नवी येते, पण बोथट आणि वेगळ्याच आकाराची. शेपटीत त्याची चरबी साठलेली असते, त्यामुळे ती गेली की बरीच शिल्लकही गेली.

दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. मोठा गेको विणीच्या काळात किंवा थंडीत काही आठवडे न खाता राहू शकतो. वजन टिकून असेल तर धीर धरा. तापमान बरोबर असूनही वजन उतरत असेल, शेपटी बारीक होत असेल, विष्ठा पातळ असेल तर आत परजीवी असू शकतात. त्यातला क्रिप्टोस्पोरिडियम पसरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. अशा वेळी मनाने जंतांचं औषध देऊ नका. त्याला इतर गेकोंपासून वेगळं ठेवा, त्याची भांडी आणि चिमटे दुसऱ्या टाकीत वापरू नका. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा. सोबत टाकीचा फोटो, दोन्ही टोकांचं तापमान आणि वजनाची वही न्या.