मेंदूज्वराचा विषाणू पेशीसंवर्धनात पाहताना

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत पानांवर पिवळे पट्टे दिसले की वडील ‘हरण्या आला’ म्हणत आणि ते झाड मुळासकट उपटून टाकत. हरण्या हाही विषाणूचाच रोग. निरोगी पान रोज नजरेखालून जात असल्यामुळे त्यांना तो बांधावरूनच ओळखू येई. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मेंदूज्वराच्या विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर ही नजर मला फार उशिरा आली, म्हणून खानदेशातून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आमचे काम मुख्यतः चांदीपुरा विषाणूवर चाले. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला हा विषाणू वाळूमाशीमार्फत पसरतो आणि लहान मुलांचा जीव एक-दोन दिवसांतही घेऊ शकतो. प्रयोगशाळेत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वाढवलेल्या व्हेरो नावाच्या पेशींत तो घातला की फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या पेशी आकसून गोल होतात आणि तळ सोडून तरंगू लागतात.

पहिल्या वर्षी अशाच गोल पेशी पाहून मी ‘संसर्ग झाला’ अशी नोंद केली. नंतर विषाणू न घातलेला कंट्रोल फ्लास्क पाहिला, तर त्यातही पेशी गोलच होत्या. दोन्हींतील माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, पिवळे पडले होते. पेशी फार दाट झाल्याने ते आम्लधर्मी झाले होते, आणि माझ्या नोंदीला काही अर्थ उरला नव्हता. तेव्हापासून मी कंट्रोल आधी पाहते.

व्हेरो पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या आहेत, हेही विसरू नये. विषाणू वाढतो का, एवढे त्या सांगतात. चेतापेशीचे काय होते, हे विचारायचे तर न्यूरो-२ए यांसारख्या उंदराच्या चेतापेशींच्या गाठीपासून (अर्बुदापासून) मिळवलेल्या पेशी घ्याव्या लागतात. तिथेही डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण रेबीजचा विषाणू भरलेली पेशी साध्या प्रकाशात बहुधा धडधाकटच दिसते आणि प्रतिदीप्त प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटणारी आणि विशिष्ट प्रकाशात चमकणारी प्रथिने, लावल्यावरच तिच्यात पोपटी ठिपके चमकतात.

बी.एस्सी.ला इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप (भांड्यातील पेशी खालून दाखवणारा सूक्ष्मदर्शक) हाताळायला मिळाला नसेल, तर तसे पहिल्याच दिवशी सांगावे. विषाणू हाती येण्यापूर्वीचे महिने निरोगी पेशी रोज ठरावीक वेळी पाहून, पॅसेज क्रमांकासह (पेशी आतापर्यंत किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या तो आकडा) त्यांची चित्रे नोंदवहीत काढण्यात घालवावेत.