नाशिकची रात्र: बाजारातून गावात, आणि तिथी बघून

पाहुण्यांना रात्रीचं नाशिक म्हणून गंगापूर रोडची हॉटेलं दाखवतात. गावाची रात्र मात्र भाजीच्या लिलावावर आणि पंचांगावर चालते. त्यामुळे आधी दिनदर्शिका उघडा. साधा दिवस असेल तर पुढचा रस्ता धरा, आणि खाली दिलेल्या तिथींपैकी एखादी जवळ असेल तर मुक्काम तिच्यावर ठरवा.

साध्या दिवशी सुरुवात संध्याकाळी सहाच्या सुमारास दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीतून करा. दुपारी शेतात कापलेली कोथिंबीर, मेथी, शेपू तेव्हा इथे उतरत असते, आणि तोच माल पहाटेच्या आत मुंबईला पोचवायचा असतो. म्हणून लिलाव झटपट उरकतात. बोली ‘शेकडा’ चालते, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. ऐकलेल्या आकड्याला शंभरने भागलं की शेतकऱ्याच्या हातात एका जुडीचे किती पडले ते कळतं. भाव पडलेल्या दिवशी हा हिशेब करून बघाच, बाजार तिथेच समजतो. ढीग आणि आडते यांच्यामध्ये उभं राहू नका, जुड्या हाताळू नका, फोटो विचारून काढा. पायात चप्पल नको, बूट हवेत. खाली पाल्याचा चिखल असतो आणि गाड्या सतत मागे येत असतात. दुचाकी आत नेली तर हमालांची वाट अडते आणि गाडी तासभर अडकते.

तिथून गंगेवर या, चालत वीसेक मिनिटं. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. रामकुंडावर आरतीची गर्दी पांगल्यावर घाट मोकळा होतो, तेव्हा पोचणं बरं. दुतोंड्या मारुती बघा आणि त्याच्या शेजारी नारोशंकराचं देऊळ. तिथली घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण मानली जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती चढला हे गाव या मारुतीवरून मोजतं. पाणी त्याच्या पायाला लागलेलं दिसलं तर पायऱ्या उतरू नका. एरवीही खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि अंधारात ते दिसत नाही.

अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडला की सुंदरनारायण, रविवार कारंजा, मग मेन रोड आणि दहीपूल. सराफ बाजार लवकर मिटतो, पण बंद दुकानांमुळेच वरचे लाकडी सज्जे आणि वाड्यांच्या चौकटी नीट बघता येतात. रमजानचा महिना असेल तर भद्रकाली आणि दूध बाजारात रात्री उशिरापर्यंत खाणं मिळतं. पोटात जागा ठेवून जा. मिसळ रात्री शोधू नका, ती इथे सकाळची गोष्ट आहे. नाटक बघायचं असेल तर शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिराचा रात्रीचा प्रयोग आधीच बघून ठेवा आणि बाजार समितीतला वेळ तेवढा कमी करा. परतीची रिक्षा गावातूनच भाडं ठरवून घ्या. सिटी बसवर उशिरा विसंबू नका, आणि नाशिक रोड स्टेशन इथून नऊ-दहा किलोमीटर आहे हे लक्षात असू द्या. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर हवाच.

आता तिथी. धुळवडीला इथे रंग नसतो, वीरांच्या मिरवणुका असतात. लोक देवाचे टाक घेऊन, लहान मुलांना देवांची सोंगं देऊन गंगेवर येतात आणि बाशिंग बांधलेल्या दाजीबा वीराची मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे रामनवमीनंतर दोन दिवसांनी, काळारामाचे रथ निघतात. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ गावात फिरून येतो. दोन्ही बघायचे तर आधी गावात थांबा आणि मग रामकुंडावर या, उलट केलंत तर गर्दीत अडकाल. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवरच्या कालिका देवीला लोक रात्रभर येत असतात. उशिरा गेलात तर रांग थोडी हलते.

आणि रहाडी. या पेशवेकालीन रंगाच्या हौदांसाठी तर मुद्दाम यावं. त्या वर्षभर रस्त्याखाली गाडलेल्या असतात. वर लाकडी ओंडके आणि माती असते, त्यामुळे तुम्ही त्यांच्यावरून चालत गेलात तरी कळत नाही. फाल्गुन वद्य पंचमीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या, आधी काही दिवस शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट गल्ली इथे खणायला घेतात. हे काम बघायला रंगपंचमीच्या दोन-तीन दिवस आधीची संध्याकाळ उत्तम. गर्दी नसते, हौदाची खोली दिसते, मंडळाची माणसं बोलायला मोकळी असतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी. पूजा झाल्यावर मानकरी पहिला ‘धप्पा’ मारतात, म्हणजे हौदात उडी घेतात, त्याआधी कुणीही आत उतरायचं नाही. तुम्ही उतरणार असाल तर मोबाइल आणि पाकीट बाहेर कुणाच्या तरी ताब्यात द्या, अंगठ्या काढून ठेवा, आणि खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय उडी टाकू नका. कपडे टाकून द्यायचेच घाला, तो रंग धुण्याने जात नाही.