होम स्टुडिओ सुरू करताय? आधी आवाज कुठून कुठे जातो ते बघा

नवीन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठला डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) घेऊ आणि कुठले प्लगइन (त्यात जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं) घेऊ. मीही हेच विचारत होते. उत्तरं भरपूर मिळाली, सगळं इन्स्टॉल केलं, आणि सहा महिन्यांत एकही गाणं पूर्ण झालं नाही. म्हणून आज जे लिहितेय ते कुठलं सॉफ्टवेअर भारी यावर नाहीये, या पसाऱ्यात आपण नेमके कुठे अडकतो त्यावर आहे.

माझा पहिला अडथळा सांगते. हेडफोन लावून गायला लागले की लयच सापडायची नाही. थोडं मागे पडल्यासारखं वाटायचं, मग मी पुढे रेटायचे, मग रेकॉर्डिंग ऐकलं की घाई झालेली दिसायची. पंधरा दिवस एकच कडवं गात बसले होते. माझीच लय कच्ची आहे असं धरून चालले, मेट्रोनोम लावून रियाज वाढवला, गाणं सोडून द्यावं की काय इथपर्यंत विचार गेला. आणि कारण काय निघालं तर बफर साइज (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) १०२४ वर होता आणि मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, एक लिनियर फेज ईक्यू (सुरांचा जाड-बारीकपणा कमीजास्त करणारा प्लगइन) बसलेला होता, जो मी लावलाच नव्हता, टेम्प्लेटमधून आपोआप आलेला.

हे नीट समजून घ्या कारण जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास होतो. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेताना, १०२४ सॅम्पल म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, आणि तेही एकाच बाजूचे, आवाज आत येताना वेगळे आणि बाहेर जाताना वेगळे. तोच बफर १२८ केला की एका बाजूला ३ मिलिसेकंदही लागत नाहीत. आता लिनियर फेज ईक्यू किंवा लुकअहेड लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा प्लगइन) यांना पुढे येणारा आवाज आधी बघून घ्यायचा असतो, त्यासाठी ते सगळंच थोडा वेळ रोखून धरतात, आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक त्यांच्याशी जुळवून घेतं म्हणून नुसतं मिक्स ऐकताना काहीच कळत नाही, कळतं ते फक्त गाताना किंवा वाजवताना. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी बफर कमी आणि मास्टर रिकामा, मिक्सिंगला बसलं की बफर वाढवा आणि मग हवं ते लावा. तुमच्या इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो, ते आधी शोधा.

त्या पंधरा दिवसांनंतर मी एका कागदावर आवाजाचा रस्ता काढला. माइक, केबल, प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा), कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा), ड्रायव्हर, ट्रॅक, ट्रॅकवरचे प्लगइन, बस (काही ट्रॅक एकत्र नेणारी वाट), मास्टर, परत कन्व्हर्टर, हेडफोन. तो कागद अजून भिंतीवर आहे. आवाज येत नाही, फाटतोय, उशिरा येतोय, गुणगुण ऐकू येतेय, काहीही झालं तरी या रस्त्यावर एकेक थांबा तपासत जायचं. कंडेन्सर माइक मुका असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (अशा माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू आहे का बघा. माझं प्रामाणिक मत असं आहे की डीएडब्ल्यू शिकण्याआधी हा रस्ता शिकावा, कारण सॉफ्टवेअर बदललं तरी तो बदलत नाही, त्यावरचे थांबे तेवढे वाढत जातात.

आणि थांबे खरंच खूप वाढलेत. १९७९ मध्ये टास्कॅमचं पोर्टास्टुडिओ आलं तेव्हा कॅसेटवर चार ट्रॅक मिळायचे, बस. पाचवा हवा असेल तर तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि त्या तिघांच्या जागी नवीन रेकॉर्ड करायचं, म्हणजे गिटारचा आवाज किती मोठा ठेवायचा हे तिथेच ठरून जायचं, परत फिरायची सोय नाही. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी (प्लगइन सॉफ्टवेअरला जोडायची पद्धत) आणलं आणि रॅकमधली इफेक्टची पेटी कॉम्प्युटरच्या आत आली. आता ट्रॅक हवे तितके, प्लगइन हवे तितके, आणि गिटार किती मोठी हे शेवटच्या दिवसापर्यंत उघडंच ठेवता येतं. मला विचाराल तर खरी गुंतागुंत इथे आहे. बटणं जास्त झाली यापेक्षा एकही निर्णय घ्यावाच लागत नाही याने माणूस जास्त थकतो. अवघड यंत्रं पूर्वीही होती की, यामाहाचा डीएक्स७ हा सिंथ (आवाज घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) १९८३ चा, त्यात ६ ऑपरेटर (आवाज घडवणारे घटक), ३२ अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या) आणि हे सगळं एका छोट्याशा पडद्यावरून बदलायचं, बहुतेक जण आतले तयार आवाजच वापरायचे. पण ते अवघडपण एका पेटीपुरतं होतं.

म्हणून मी स्वतःला काही बंधनं घालून घेतली. गाण्यात जास्तीत जास्त १६ ट्रॅक. सिंथचा आवाज जमला की त्याच दिवशी तो ऑडिओ करून टाकायचा आणि मूळ ट्रॅक बंद करून बाजूला ठेवायचा. एक ईक्यू, एक कॉम्प्रेसर, एक रिव्हर्ब, एक डिले, वर्षभर हेच. कॉम्प्रेसरचा अटॅक (मोठा आवाज आला की तो किती वेळात दाबतो ते) १ मिलिसेकंद आणि ३० मिलिसेकंद यात ड्रमचं काय होतं हे मला कानाने ओळखायला चार महिने लागले, तेही एकच कॉम्प्रेसर वापरत होते म्हणून. दर आठवड्याला नवीन आणला असता तर कधीच कळलं नसतं.

प्लगइनची तुलना करताना एक फसगत हमखास होते. लावल्यावर आवाज चांगला वाटतो, पण बऱ्याचदा तो फक्त मोठा झालेला असतो, आणि कानाला मोठा आवाज चांगलाच वाटतो. आउटपुट कमी करून लावलेला आणि काढलेला दोन्ही सारख्या पातळीवर आणा, मग ऐका. मी असं करायला लागल्यावर माझ्या साखळीतले निम्मे प्लगइन गळून पडले.

रेकॉर्डिंगची लेव्हल लाल रेषेपर्यंत नेऊ नका. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, सगळ्यात मोठा सूर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास गेला तरी पुरे. गिअर घेताना एका वेळी एकच वस्तू, आणि नवा माइक घेण्याआधी खोलीतली जागा बदलून बघा, कोपऱ्यात बास साचतो, मोकळ्या भिंतीवरून आवाज परत येतो, मागे जाड गोधडी टांगली तरी फरक ऐकू येतो.

शेवटचं म्हणजे जपून ठेवणं, आणि यात माझं खरोखर नुकसान झालंय. ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट केली आणि ३२ बिटचे जुने प्लगइन चालायचे बंद झाले. तीन वर्षांपूर्वीचं एक गाणं उघडलं तर सगळ्या सिंथच्या जागी नुसती नावं, आवाज नाही. गायन तेवढं वाचलं, कारण ते ऑडिओ होतं. मिडी नोट्स (कुठला सूर कधी वाजवायचा याची नोंद) होत्या पण ते आवाज परत कधी जुळले नाहीत. आता गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून, सगळे सारख्या लांबीचे, २४ बिट वेव्हमध्ये काढते, एकदा इफेक्टसकट आणि एकदा कोरे, फोल्डरच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहिते, आणि सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर टाकते. मग त्यातल्या फाइली एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये ओढून, प्ले करून, सगळं वाजतंय हे ऐकल्यावरच मूळ प्रोजेक्ट बंद करते.