पहिल्यांदाच केग भरताय? या चुका टाळा

बारा औंसांच्या पन्नासेक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या, टोपणं दाबायची. पाच गॅलनच्या एका खेपेमागे एवढा खटाटोप तीन-चारदा केला की घरी बिअर बनवणारा माणूस केगकडे वळतो (केग म्हणजे स्टीलचं पिंप; सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड दाबाने त्यातल्या बिअरमध्ये मुरवायचा आणि बिअर नळातून काढायची), आणि ते योग्यच आहे. पण वळताना डोक्यात एक गैरसमज घेऊन येतो: आता सगळं झटपट होणार. केगमुळे बाटल्यांचे कष्ट वाचतात, बिअर तयार व्हायला लागणारा वेळ वाचत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एकाच घाईतून होतात.

हे लिहिलंय ते अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी. तिथे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवायला संघीय पातळीवर मोकळीक दिली. एकट्या सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त सज्ञान असतील तर २००, आणि विकायची नाही. राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हा उद्योग तिकडे करू नका.

फेस आला की रेग्युलेटर पिळणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त बिअर हीच वाया घालवते. लेबर डेच्या सुमाराला हमखास घडणारं प्रकरण असं. शनिवारी अंगणात वीस माणसं येणार. गुरुवारी रात्री केग भरला, ६८ अंश फॅरनहाइटची कोमट बिअर तशीच फ्रिजमध्ये ठेवली, रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र) १२ पीएसआयवर लावला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड दाब). शुक्रवारी सकाळी पेला भरून पाहिला तर बिअर सपाट. मग कुणीतरी सल्ला देतं: ३० वर कर आणि केग आडवा करून गदागदा हलव. वीस मिनिटं हलवून झालं, वर रात्रभर प्रेशर ३० वरच राहिलं. शनिवारी दुपारी नळ उघडला तर पेल्यात तळाला दोन बोटं बिअर आणि वर नुसता फेस. म्हणून रेग्युलेटर ५ वर आणला. फेस वाढला. २ वर आणला. आता धार करंगळीपेक्षा बारीक आणि फेस होता तेवढाच. संध्याकाळपर्यंत दोन गॅलन बादलीत गेली आणि पाहुण्यांनी दुकानातले कॅन उघडले.

इथे काय काय चुकलं ते नीट समजून घ्या, कारण प्रेशर आणि तापमानाचं कोष्टक हाताशी असूनही लोक ते वाचत नाहीत. बिअरमध्ये किती गॅस मुरणार हे प्रेशर आणि तापमान दोन्ही मिळून ठरवतात. ३८ अंशांना १२ पीएसआयवर बिअर साधारण २.६ पट गॅस धरते, म्हणजे स्वतःच्या आकारमानाच्या अडीचपटीहून थोडा जास्त. नेहमीच्या अमेरिकन पेल एल बिअरला हे बरोबर बसतं. तीच बिअर ६८ अंशांना असेल तर १२ वर दीडपटच धरते, अडीचपटीसाठी जवळजवळ २९ पीएसआय लागतं. म्हणून शुक्रवारी सकाळी ती सपाट होती. पाच गॅलन बिअर फ्रिजमध्ये आतपर्यंत गार व्हायला जवळपास एक दिवस जातो, आणि ती गार होईपर्यंत गॅस नीट मुरतच नाही.

दुसरी चूक हलवण्याची. ३८ अंशांना ३० पीएसआयवर बिअर पूर्ण मुरली तर ती चारपटीच्याही वर जाते. हलवल्याने ती त्या आकड्याकडे धावत सुटते आणि अडीचवर कधी पोचली हे बाहेरून कळायला मार्ग नाही. तिसरी चूक प्रेशर उतरवण्याची. जास्त गॅस मुरलेल्या बिअरवरचं प्रेशर काढलं की तो गॅस नळीतच बाहेर पडायला लागतो. पारदर्शक नळी असेल तर डोळ्यांनी दिसतं: केगजवळच्या टोकाला मोत्यांसारखे बुडबुडे साचतात, नळ उघडला की आधी ते येतात आणि मागची बिअर त्यांच्यावर आपटून फेसाळते. प्रेशर जितकं खाली, तितके बुडबुडे जास्त.

आणि ज्या गोष्टीकडे बघायला हवं होतं तिच्याकडे कुणी बघितलंच नाही: नळीची लांबी. तयार संचासोबत बऱ्याचदा चार-पाच फुटांचीच नळी येते. ३/१६ इंच आतल्या व्यासाची साधी व्हिनाइल नळी १२ पीएसआयसाठी निदान दहा फूट हवी. लांब, अरुंद नळीत घर्षणाने प्रेशर हळूहळू उतरतं आणि बिअर नळापर्यंत शांत पोचते. आखूड नळीत ते सगळं एकदम नळाच्या तोंडाशी सुटतं. मी दहा फुटांनीच सुरुवात करायला सांगतो. धार फारच संथ वाटली तर सहा-सहा इंच कापत आणता येते, उलटं करता येत नाही. नळीचं भेंडोळं फ्रिजच्या आत, केगच्या उंचीला ठेवा. बाहेर लोंबणाऱ्या गरम नळीतला पहिला पेला फेसाचाच येणार. नळ पूर्ण उघडायचा, अर्धवट नाही. पेले फ्रीजरमध्ये गोठवू नका, बर्फाच्या कणांवर गॅस सुटतो.

घाई असेल तर माझी पद्धत एवढीच: बिअर आधी केगमध्ये पूर्ण गार करायची, मग ३० वर २४ तास, न हलवता. त्यानंतर सिलिंडर बंद करून केगमधला दाब सोडायचा, रेग्युलेटर १२ वर आणायचा आणि पुढचे दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. घाई नसेल तर पहिल्यापासून १२ वर दहा ते चौदा दिवस. चव दुसऱ्या पद्धतीने जास्त छान उतरते, कारण त्या काळात यीस्टही खाली बसतं. बिअर आधीच जास्त फेसाळली असेल तर गॅसची नळी काढा, दर काही तासांनी झाकणावरची सुरक्षा झडप ओढून दाब सोडा, दीड-दोन दिवसांत ती ताळ्यावर येते. मग पुन्हा १२.

रिकाम्या केगवर गळती न तपासणं

पाच पौंडांच्या सिलिंडरमध्ये सात-आठ केग सहज निघतात. नवख्यांचा पहिला सिलिंडर पुष्कळदा पहिल्याच केगला रात्रीत रिकामा होतो, आणि दुसऱ्या दिवशी गॅस भरून देणाऱ्याने कमी भरला असा संशय घेतला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार दोन असतात: केगच्या झाकणाची मोठी ओ-रिंग (रबरी कडी), नाहीतर रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामधला नायलॉनचा वायसर, जो बसवायचाच राहून गेलेला असतो.

लोक तपासणी करतात, पण भरलेल्या केगवर. सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून ठेवतात, सकाळी काटा खाली आलेला पाहून गळती समजतात आणि सगळे सांधे पुन्हा आवळत बसतात. बिअर गॅस शोषत असते, त्यामुळे गळती नसली तरी काटा उतरणारच. ही तपासणी बिअर भरायच्या आधी, रिकाम्या केगवर करायची.

माझा क्रम ठरलेला आहे. केगच्या पाचही ओ-रिंग काढून टाकायच्या: झाकणाची एक, दोन पोस्टच्या (केगवरच्या गॅस आणि बिअरच्या नळ्या जोडायच्या तोंडांच्या) दोन, दोन आतल्या नळ्यांच्या दोन. सोडा कंपन्यांचा जुना केग असेल तर त्यांना रूट बिअरचा वास असतोच आणि तो बिअरमध्ये उतरतो. नवीन बसवताना खाद्यदर्जाच्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. झाकण लावून ३० पीएसआय एकदम सोडायचं, म्हणजे झाकण वर दाबलं जाऊन नीट बसतं. १२ वर गॅस सोडून द्या आणि झाकण बसेल अशी आशा ठेवा, हे चालत नाही. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी झाकणाच्या कडेला, दोन्ही पोस्टवर, सुरक्षा झडपेवर, रेग्युलेटरच्या प्रत्येक सांध्यावर आणि नळीच्या क्लॅम्पवर लावायचं. गळती मोठी असेल तर फुगा लगेच येतो. बारीक गळतीला मिनिटभराने पांढुरकी, साबणाच्या वडीसारखी पुटकुळी धरते, म्हणून दोन मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. त्यानंतर सिलिंडर बंद, काट्यावर मार्करने खूण, आणि रात्रभर तसंच.

सिलिंडरवरच्या मोठ्या काट्याकडे पाहून किती गॅस उरला ते ठरवू नका. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड आहे तोवर काटा तापमान दाखवतो, प्रमाण नाही. ७० अंशांच्या खोलीत तो ८५० पीएसआयच्या आसपास असतो, फ्रिजमध्ये ठेवला की सव्वापाचशेच्या आसपास उतरतो. हे पाहून घाबरून सिलिंडर बदलून आणणारे लोक आहेत. शिल्लक कळायला वजनकाटा लागतो: सिलिंडरच्या खांद्यावर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करा.

काचेच्या भांड्यात गॅसचा दाब देणं

इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. काचेच्या कारबॉयमधून (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटलीतून) केगमध्ये बिअर ढकलायला गॅसची नळी जोडायची नाही, एक पीएसआयसुद्धा नाही, ‘एकदाच’ सुद्धा नाही. रेग्युलेटर एवढ्या खालच्या दाबावर अचूक नसतो, यीस्टचा गाळ नळीत अडकला की दाब वाढतो आणि पाच गॅलन बिअरसकट काच फुटते. काचेतून सायफननेच काढा.

तितकीच गंभीर दुसरी गोष्ट: सिलिंडर कुठे ठेवता. पाच पौंड कार्बन डायऑक्साइडचा साधारण ४३ घनफूट वायू होतो. ८ बाय १० फुटांच्या, ८ फूट उंचीच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेत जवळपास पावणेसात टक्के होईल. ४ टक्क्यांनाच जिवाला तत्काळ धोका मानतात. तळघरातल्या लहानशा कोठीत सिलिंडर ठेवत असाल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा (कार्बन मोनॉक्साइडचा नव्हे) आणि डोकं जड झालं, श्वास वाढला तर कारण शोधत न बसता बाहेर या. गाडीतून आणताना सिलिंडर बांधून, काचा उघड्या ठेवून आणा.

वरून ओतणं आणि हवा तशीच सोडणं

तयार बिअरला ऑक्सिजन सोसत नाही. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली धुरकट आयपीए बिअर असेल तर आठवड्याभरात ती करडी-तपकिरी होते आणि पुठ्ठ्यासारखी लागते. मग लोक हॉप्सला दोष देतात. सायफनची नळी केगच्या तळापर्यंत पोचवा, खळखळाट होऊ देऊ नका.

झाकण लावल्यावर एकदाच फुस्स करून चालत नाही, हिशोब करून बघा. ३० पीएसआय भरून सोडलं की वरच्या मोकळ्या जागेतली हवा दर वेळी एक-तृतीयांश उरते. २१ टक्क्यांपासून सुरुवात केली तर पाच वेळांनंतरही हजारात एक भागाच्या जवळपास ऑक्सिजन असतो, दहा वेळांनंतर दहा लाखांत तीन. मी दहा वेळा करतो. याहून चांगलं म्हणजे केग काठोकाठ सॅनिटायझरने भरायचा, गॅसने तो सगळा बाहेर ढकलायचा आणि त्या रिकाम्या, निव्वळ गॅसने भरलेल्या केगमध्ये द्रवाच्या पोस्टमधून बिअर घ्यायची. पाच गॅलन सॅनिटायझर जातो म्हणून हळहळू नका, तो बादलीत धरून पुन्हा वापरता येतो.

बाकीच्या, थोडक्यात

करडा कनेक्टर गॅसचा, काळा बिअरचा. बॉल लॉक जातीच्या केगवर गॅसच्या पोस्टच्या षटकोनावर बारीक खाचा असतात. काळा कनेक्टर गॅसच्या पोस्टवर ठोकून बसवलात तर काढताना पाना आणि अर्धा दिवस लागतो.

केग गळ्यापर्यंत भरू नका. गॅसची आखूड नळी बिअरमध्ये बुडली की बिअर उलटी रेग्युलेटरकडे जाते. मध्ये एकदिशा झडप बसवा.

ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, जिच्यावरून साखर आंबायची थांबली का ते कळतं) दोन दिवस स्थिर आहे याची खात्री न करता केग भरू नका. केगला सुरक्षा झडप असते म्हणून तो फुटत नाही, पण आत राहिलेलं फर्मेंटेशन तुमच्या १२ पीएसआयला विचारत नाही.

फ्रिजच्या बाजूला भोक पाडण्याआधी शीतकाच्या नळ्या कुठून जातात ते शोधा. शक्यतो दारालाच भोक पाडा.

ब्लीच स्टीलला लावू नका, क्लोरीनने खड्डे पडतात. पीबीडब्ल्यू (धुण्याची पावडर) गॅलनला एक औंस, गरम पाण्यात. त्यानंतर स्टार सॅन हा सॅनिटायझर पाच गॅलनला एक औंस. त्याचा फेस धुवायचा नाही.

केग संपला की त्याच दिवशी उघडा. दोन्ही पोस्ट पान्याने सोडवा, पॉपेट (पोस्टमधली स्प्रिंगची छोटी झडप) काढा, लांब नळीतून ब्रश घाला, बिअरची नळी आणि नळाचं तोंडही धुऊन घ्या. तळाशी बसलेलं यीस्ट ओलं आहे तोवर कोमट पाण्याने सुटतं, महिनाभराने ते घासून काढावं लागतं.