एक डेटाबेस, अनेक सर्व्हर: कनेक्शन हाताळताना या चुका टाळा

ॲप एका सर्व्हरवरून आठ सर्व्हरवर गेलं की पोस्टग्रेस या डेटाबेसची 'सॉरी, टू मेनी क्लाएंट्स ऑलरेडी' ही एरर हमखास भेटते. लगेच मॅक्स_कनेक्शन्स (एकावेळच्या कनेक्शनची कमाल मर्यादा) वाढवू नका. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो, त्यामुळे मेमरी जाते; शिवाय हा आकडा बदलायला डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो.

खरी चूक हिशेबात असते. पूल साइज (ॲप उघडी ठेवून पुन्हापुन्हा वापरतं त्या कनेक्शनची संख्या) आपण एका सर्व्हरपुरती ठरवतो, डेटाबेस मात्र सगळ्यांची बेरीज मोजतो. डीफॉल्ट मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव, उरली 97. हिकारीसीपी या जावातल्या पूल लायब्ररीचा डीफॉल्ट पूल 10 चा, आणि मिनिममआयडल (किमान किती रिकामी कनेक्शन ठेवायची) वेगळं दिलं नाही तर काम नसतानाही तो दहाच्या दहा कनेक्शन उघडी ठेवतो. आठ सर्व्हरची 80 झाली, म्हणजे निभावतंय असं वाटतं. पण रोलिंग डिप्लॉयमध्ये (नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवताना) दोन नवे सर्व्हर उभे राहतात तेव्हा जुने आठही चालूच असतात. झाली 100, म्हणजे 97 च्या वर! म्हणून 97 मधून क्रॉन (ठरलेल्या वेळी चालणारी कामं), मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) आणि मॉनिटरिंगसाठी 12 बाजूला काढा आणि उरलेल्या 85 ला डिप्लॉयच्या वेळच्या 10 सर्व्हरनी भागा. पूल साइज 8 ठेवा.

हिशेब बरोबर असूनही पूल संपत असेल, तर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये (पोस्टग्रेसमधली चालू कनेक्शनची यादी) ॲप्लिकेशन_नेम आणि स्टेटनुसार मोजणी करा. प्रत्येक सर्व्हरला वेगळं ॲप्लिकेशन_नेम दिलेलं असेल तर दोषी सर्व्हर लगेच सापडतो. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' बरीच दिसली, तर कोडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून कुणीतरी पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसलंय. तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. टाइमआउट वाढवून काही साधत नाही. एक्सेप्शन आल्यावर कनेक्शन परत जातंय का, हेही बघा: जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस, पायथनमध्ये विथ.

रात्री ट्रॅफिक नसतं आणि सकाळची पहिलीच रिक्वेस्ट अडकते? मधल्या नेटवर्कने निष्क्रिय कनेक्शन तोडलेलं असतं. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून बाहेर जाणारी वाट) 350 सेकंदांनी तोडतो, पूलला मात्र ते जिवंतच वाटतं. हिकारीसीपीचा कीपअलाइव्हटाइम (किती वेळाने रिकामं कनेक्शन तपासून जागं ठेवायचं) 120 सेकंद ठेवा.

रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची प्रत) असेल तर नुकतंच लिहिलेलं त्याच रिक्वेस्टमध्ये रेप्लिकावरून वाचू नका. रेप्लिका थोडी मागे असली तरी ग्राहकाला आत्ताच दिलेली ऑर्डर दिसत नाही, आणि तो ती पुन्हा देतो. असं वाचन प्रायमरीवरूनच (मूळ डेटाबेसवरूनच) करा.

सर्व्हर आणखी वाढणार असतील तर ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा पूलर लावा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं). मात्र त्याआधी कोडमधल्या सेशनपुरत्या सेट कमांड आणि सेशन पातळीचे ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः ठरवून घेतलेले लॉक) शोधून काढा. या मोडमध्ये पुढची ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते.