कॉलेजमध्ये एकटं वाटतंय? माणसं जोडताना आणि मदत मागताना या चुका टाळा

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झालेले असतात. लेक्चर सुटतं, घोळके हसत-खिदळत बाहेर पडतात आणि आपण मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं बघत त्यांच्या मागून चालत राहतो. 'सगळ्यांचे ग्रुप झाले, मीच राहिलो' असं अनेक जण इथेच ठरवून टाकतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

तिसऱ्या आठवड्यातच निकाल लावणं

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या अभ्यासकाने मैत्रीला किती वेळ लागतो हे मोजायचा प्रयत्न केला. नव्याने कॉलेजात आलेली मुलं आणि नव्या ठिकाणी राहायला गेलेली मोठी माणसं अशा दोन्ही गटांना त्याने प्रश्न विचारले. 2018 मध्ये आलेला त्याचा अंदाज असा: तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, खऱ्या अर्थाने मित्र म्हणावं इथवर यायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक तास. त्यातही कामापुरते किंवा वर्गापुरते एकत्र घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, उगाच केलेली भटकंती यांतला वेळ खरा.

आता हिशोब करून बघा. कुणासोबत आठवड्याला तीन मोकळे तास जात असतील, तर 50 तास भरायलाच चार महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात जिवलग मिळालेला नाही, म्हणजे तुमचं काहीच बिघडलेलं नाही. समोर दिसणारे घोळकेही अनेकदा घाईत जमलेले असतात. एकटं दिसायला नको म्हणून धरलेली ती सोबत असते, आणि पहिली परीक्षा येईपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाटा बदलतात.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा 2011 मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना साधारण तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. 'आपण इथले नाहीच' असं सुरुवातीला सगळ्यांना वाटतं आणि पुढे ते ओसरतं, एवढंच त्यांत होतं. तेवढ्यानं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. म्हणून एखाद्या सीनियरला गाठून सरळ विचारा, 'तुमचं पहिलं सेमिस्टर कसं गेलं?' ऐकाल ते बहुधा तुमच्याच मनातलं असेल.

पाच ठिकाणी नाव, एकाही ठिकाणी हजेरी नाही

नाट्यमंडळ, गिर्यारोहण, वादविवाद, छायाचित्रण... उत्साहात सगळीकडे नाव दिलं जातं. प्रत्येक ठिकाणी एकदा जायचं, कुणी ओळखीचं नाही म्हणून कोपऱ्यात उभं राहायचं आणि परत यायचं. पुढच्या वेळी पाय निघत नाही.

ओळख मुरते ती त्याच चेहऱ्यांच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटीतून. पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच या अभ्यासकांनी 1992 मध्ये एक गंमतशीर प्रयोग केला. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणी होत्या. त्यांतली एक वर्गात कधीच गेली नाही, बाकीच्या अनुक्रमे 5, 10 आणि 15 वेळा जाऊन बसल्या. कुणाशी एक शब्दही बोलायचा नाही असं ठरलं होतं. सत्राच्या शेवटी जी जास्त वेळा दिसली होती, ती वर्गातल्या विद्यार्थ्यांना जास्त आवडली.

तेव्हा एकच ठिकाण निवडा, पण दर आठवड्याला भरणारं. वर्षातून दोनदा होणाऱ्या भव्य कार्यक्रमांपेक्षा दर बुधवारची तालीम बरी. किमान सहा वेळा गेल्याशिवाय सोडायचं नाही, असं स्वतःशी ठरवा. आणि तिथे एखादं काम अंगावर घ्या. खुर्च्या मांडणं, नोंदवही सांभाळणं, काहीही. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं.

घरून ये-जा करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. शेवटचं लेक्चर संपलं की बस नाहीतर गाडी पकडायची. मैत्री जिथे घडते तो मोकळा वेळ त्यांच्या वाट्याला येतच नाही. आठवड्यातले दोनच दिवस ठरवून एक तास थांबा, दर वेळी त्याच जागी: ग्रंथालयातलं तेच टेबल किंवा कॅन्टीनमधला तोच कोपरा. काही दिवसांत त्या जागेची माणसं तुम्हाला ओळखू लागतील.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही आहात, हे मात्र सोबतीत धरू नका. तो सूचनाफलक आहे.

'मी त्याला आवडलो नसणार'

एखाद्याशी दहा मिनिटं छान बोलणं होतं. खोलीवर आल्यावर आपण आपलंच एकेक वाक्य आठवून खजील होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला टाळतो. 2018 मध्ये एरिका बूथबी ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की संभाषणानंतर समोरच्याला आपण किती आवडलो हे माणसं सातत्याने कमीच धरतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. उपाय साधा आहे. दुसऱ्यांदा बोलायला तुम्ही जा. समोरचाही बहुधा हेच ठरवून बसलाय, की तुम्हाला तो आवडलेला नाही.

लाजेपोटी एकट्यानं अभ्यास

1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात यूरी ट्रीझमन या अभ्यासकांनी गणितातल्या कॅल्क्युलस या विषयात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला. कष्टाची कमतरता कुठेच नव्हती. फरक होता तो एकटेपणाचा. अडखळणारी मुलं खोलीत एकटी झुंजत होती, तर पुढे जाणारी मुलं आधी स्वतः गणितं सोडवून मग एकत्र बसून पडताळत होती. ट्रीझमन यांनी अवघड गणितांवर एकत्र काम करण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल बदलले.

तुमचा अभ्यासगट तीन-चार जणांचाच ठेवा. वार आणि वेळ एकदाच ठरवा, दर वेळी विचारत बसू नका. प्रत्येकाने आपला प्रयत्न करून यायचं. गप्पाच जास्त होत असतील, तर पहिली 40 मिनिटं अभ्यास आणि मग मनसोक्त गप्पा, असा क्रम लावा. गप्पा बंद मात्र करू नका, त्यासाठीच तर माणसं पुन्हा येतात. एखादा नुसता उतरवून घेत असेल, तर पुढच्या वेळी एक प्रश्न फळ्यावर समजावून सांगायला त्यालाच सांगा.

मदत मागायला उशीर, आणि तीही मोघम

'त्यांना कशाला त्रास द्यायचा' हे वाक्य किती जणांना अडवतं! फ्लिन आणि लेक या अभ्यासकांनी 2008 मध्ये तपासलं, की अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल. सहभागी झालेल्यांना वाटलं 20, प्रत्यक्षात साधारण 10 पुरले. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी सहज हो म्हणतात, फक्त विचारणं थेट हवं.

'सर, मला काहीच कळत नाही' यावर सर तरी काय सांगणार? कुठला भाग अडला, मी काय करून पाहिलं, मला काय हवंय आणि कधीपर्यंत, एवढ्या चार गोष्टी सांगा. दरवाजाही योग्य निवडा. फीची अडचण असेल तर कार्यालयात, हजेरीची असेल तर मार्गदर्शक शिक्षकांकडे, झोप उडाली असेल किंवा सतत रडू येत असेल तर समुपदेशकाकडे. चुकीच्या दारातून परत पाठवलं, तर 'मग कुणाकडे जाऊ?' एवढं विचारल्याशिवाय निघू नका.

समुपदेशनाची खोली कुठे आहे हे सगळं ठीक असतानाच बघून ठेवा. वेळ मिळायला उशीर असेल, तर कुणी रद्द केल्यास कळवा असं सांगून ठेवा. पहिल्या भेटीत विचारून घ्या, की काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. जिवाला धोका असेल तर ती गोष्ट साधारणपणे गुप्त ठेवली जात नाही. पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर दुसरा मागता येतो. त्यात कुणाचाही अपमान नाही.

मित्राचं सगळं ओझं एकट्यानं उचलणं

ही चूक चांगल्या मनाची माणसं करतात, म्हणून ती जास्त काळजीची. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन देऊन रात्र रात्र जागायचं आणि शेवटी दोघंही खचायचं. असं वचन देऊ नका. 'तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी सांगणार' हे आधीच प्रेमानं सांगा. मरणाचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी जवळच्या जबाबदार मोठ्या माणसाला किंवा आपत्कालीन सेवेला बोलवा.

इतक्या टोकाची वेळ नसली तरी 'समुपदेशकाकडे जा' म्हणून मोकळं होऊ नका. खचलेल्या माणसाला त्या दारापर्यंतचं अंतर फार मोठं वाटतं. वेळ घ्यायचा फोन तुम्ही लावा, तो बोलेल. दारापर्यंत सोबत चाला, बाहेर बाकावर बसून राहा, आणि तो बाहेर आला की आत काय झालं ते न विचारता पुढची तारीख कधीची आहे तेवढं विचारा.